रोज शून्य भरायचं, ते कशासाठी?

गेल्या अंकात मी साथी आणि मोबाईल यावर लिहिलं होतं, म्हणजे साथीचा आजार पसरायला लागला की तो लवकर कळावा म्हणून आता फोन, नकाशे, कॉम्प्युटर कसे वापरतात ते. त्यावर बरेच प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत, सहा निवडलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यात एका उपकेंद्रात सिस्टर आहे. रोज मोबाईलवर आयएचआयपीचा एस फॉर्म भरायचा असतो. ताप किती, जुलाब किती, कावीळ किती, आणि बहुतेक दिवशी सगळं शून्यच. रेंज नसली की शाळेच्या गच्चीवर जाऊन भरते. एक दिवस राहिला तर ग्रुपवर नाव येतं. शून्यच आहे तर भरायचं कशाला? आणि ते बघतं कोण?

सिस्टर, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी घेतला कारण बाकीच्या पाच प्रश्नांची उत्तरं याच्याच पोटात आहेत.

आधी ज्या वाचकांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, आपण त्याला आयडीएसपी म्हणतो. त्यात तीन फॉर्म. गावात सिस्टर किंवा एमपीडब्ल्यू, म्हणजे पुरुष आरोग्य सेवक, लक्षणं बघून भरतात तो एस, डॉक्टर तपासून अंदाज बांधून भरतात तो पी, आणि लॅबमध्ये पक्कं झालं की एल. पूर्वी हे आठवड्यातून एकदा जायचं, कागदावर. एप्रिल २०२१ पासून आयएचआयपी नावाचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म देशभर आला, तेहतीस आजारांची नोंद त्यात होते, रोज होते, आणि पेशंट कुठल्या गावचा ते नकाशावर दिसतं.

आता शून्याचं. मी तालुक्याला होते तेव्हाची गोष्ट सांगते, कागदी फॉर्मचे दिवस. जुलै महिना होता. सोमवारी सगळ्या उपकेंद्रांचे फॉर्म आले, एकाचा आला नाही, तिथली सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होती आणि चार्ज कोणाकडे तेच ठरलेलं नव्हतं. आमच्या ऑफिसात त्या रकान्यात शून्य टाकून रिपोर्ट तयार केला गेला आणि मी सही केली. गुरुवारी त्याच गावातनं जीप आली, चार पेशंट, डोळे खोल गेलेले, एक आजी तर बोलायच्या पण स्थितीत नव्हत्या. आम्ही धावत गावात गेलो. नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट केली, ज्यांनी केलीय त्यांना माहितीय की पाण्यात क्लोरीन असेल तर त्या नळीतलं पाणी पिवळं होतं. नाही झालं. काचेसारखं स्वच्छ राहिलं. जलसुरक्षकाला विचारलं तर तो म्हणाला मॅडम मी रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, आणि तो खोटं बोलत नव्हता, फक्त टीसीएलची गोणी पाऊस सुरू झाल्यापासून उघडीच होती आणि दमट हवेने त्या पावडरीतला क्लोरीन कधीच उडून गेला होता.

मग घरोघरी जाऊन यादी केली. नाव, वय, वाडी, पाणी कुठलं पितात, पहिला जुलाब कुठल्या दिवशी. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गावाचा नकाशा काढला आणि पेशंट असलेल्या घरावर लाल पेनने टिंब. तेवीस टिंबं झाली, त्यातली एकवीस खालच्या वाडीत, सगळी एकाच व्हॉल्व्हच्या पुढची, आणि त्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं. उरलेले दोघे वरच्या आळीतले होते, ते खाली तेराव्याच्या जेवणाला गेले होते. त्या आजी वाचल्या नाहीत. पहिला जुलाब कुठल्या दिवशी या रकान्यात सगळ्यात जुनी तारीख होती आधीच्या आठवड्यातल्या शुक्रवारची. म्हणजे मी ज्या सोमवारी त्या गावाच्या शून्यावर सही केली तेव्हा गावात पेशंट होते.

सिस्टर, शून्य म्हणजे मी बघितलं आणि कोणी आजारी नाही. कोरं म्हणजे कोणी बघितलंच नाही. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीने तर तुमचा शून्य सोन्याचा आहे, कारण तुमच्या गावात नेहमीचं किती हे त्याला त्या शून्यांवरूनच कळतं. पावसाळ्यात उपकेंद्राच्या सगळ्या गावांत मिळून तीन जुलाबाचे पेशंट असतील तर फार काही वाटायचं कारण नाही, पण फेब्रुवारीत एकाच गल्लीतले तीन असतील तर तिथं घंटा वाजली पाहिजे, आणि ती वाजण्यासाठी जानेवारीचे खरे शून्य लागतात. म्हणून एक हात जोडून विनंती, ग्रुपवर नाव येऊ नये म्हणून बसल्या जागी शून्य टाकू नका. गावात गेला नसाल तर नाही गेले असं एमओंना, म्हणजे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, सांगा. तुम्हाला ओरडा बसेल, ते मला माहितीय, आणि तो बसू नये हे तुमच्या वरच्यांचं काम आहे.

रेंजचं म्हणाल तर एकाच आळीत चार जुलाब दिसले की आधी फोन, मग फॉर्म. गच्चीवर जाईपर्यंत थांबू नका.

बघतं कोण, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. माहिती वर जाते आणि खाली काहीच येत नाही, हे खरं आहे आणि ते चूक आहे. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याच्या ऑफिसात तुमचे आकडे स्क्रीनवर दिसतात, तुम्हाला मात्र ग्रुपवर नाव येतं तेवढंच. पुढच्या मासिक सभेत तुमच्या एमओंना सरळ म्हणा की सर, माझ्या उपकेंद्राचा गेल्या वर्षीचा आलेख मला दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. आपण भरलेले आकडे एकदा डोळ्यांनी बघितले ना की भरायचा कंटाळा निम्मा होतो, हे मी बघितलंय.

प्रश्न : मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोरोनाची बातमी एका एआय कंपनीने सगळ्यांच्या आधी पकडली होती असं वाचलं. मग गुगल सर्च आणि सोशल मीडियावरून साथ आपोआप कळेल ना? हे फॉर्म बंद का नाही करत? आणि मला यावर प्रोजेक्ट करायचाय, विषय सुचवाल का?

तू वाचलंस ते बरोबर आहे, पण अर्धं आहे. कॅनडाच्या ब्लूडॉट कंपनीने ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या न्यूमोनियाबद्दल आपल्या ग्राहकांना सावध केलं. त्यांचं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भाषांतल्या बातम्या वाचतं आणि विमान प्रवासाची माहिती त्याला जोडतं, काम खरंच चांगलं आहे. पण त्याच्या आदल्या रात्री, ३० डिसेंबरला, प्रोमेड नावाच्या ईमेल यादीवर हीच गोष्ट माणसांनी टाकली होती. प्रोमेड १९९४ पासून चालू आहे, जगभरचे डॉक्टर आणि प्राण्यांचे डॉक्टर एकमेकांना कळवतात, बस एवढंच. आणि त्याच्याही आधी वुहानच्या हॉस्पिटलात कुणा डॉक्टरला हा न्यूमोनिया नेहमीचा नाही असं वाटलं म्हणूनच मशीनला वाचायला काहीतरी मिळालं ना!

गुगलचं पण ऐक. २००८ मध्ये त्यांनी गुगल फ्लू ट्रेंड्स काढलं, लोक फ्लूबद्दल काय सर्च करतात त्यावरून साथ ओळखायची. सुरुवातीला सगळे खूष. २००९ चा स्वाइन फ्लू आला तेव्हा पहिली लाट त्याला नीट कळलीच नाही, आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे, जे आकडे होते त्याच्या जवळपास दुप्पट त्याने सांगितले. टीव्हीवर बातम्या आल्या की निरोगी माणूस पण सर्च करतो, त्याला मशीन काय करणार. २०१५ मध्ये ते बंद झालं.

तू पुण्यातला आहेस तर जानेवारी २०२५ आठव. जीबीएसचे पेशंट, हातापायातली ताकद जातेय, काही व्हेंटिलेटरवर. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही, आधी झालेल्या इन्फेक्शननंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. हा आजार वर्षभर तुरळक दिसतच असतो, पण एकदम इतके कसे, हे आधी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. तिथून पुढे मात्र यंत्रणेने वेग घेतला, पेशंटचे पत्ते नकाशावर टाकले तर सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गर्दी दिसली, पाण्याचे नमुने घेतले, एनआयव्ही या पुण्यातल्या विषाणू संस्थेने पेशंटचे नमुने तपासले तर काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला, काहींत नोरोव्हायरस. संशयित पेशंट दोनशेच्या पुढे गेले. शंका माणसाची होती आणि ती शंका थंड व्हायच्या आत पुढे नेली नकाशाने आणि लॅबने. माझ्या मते टेक्नॉलॉजीचं खरं काम हे आहे.

प्रोजेक्टचं म्हणशील तर माझ्याकडे एक विषय आहे आणि तो कोणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं. आयडीएसपीत २००८ पासून बातम्या चाळणारा एक कक्ष आहे, पेपरात कुठल्या गावात साथ आली असं छापून आलं की ते जिल्ह्याला विचारतात खरं का. तू मराठीसाठी काहीतरी बनव. तालुक्याच्या पानावरची बातमी इंग्रजीत कधीच जात नाही. आणि आपल्याकडे एकाच गोष्टीला किती शब्द बघ. जुलाब, हगवण, ढाळ, संडास लागणे, पोट बिघडणे, गॅस्ट्रो, अतिसार. तापाला कणकण, कसकस, थंडीताप, हिवताप. पेशंट ओपीडीत येऊन "अंगात कसर आहे" म्हणतो तेव्हा त्याला मोजता येईल असा ताप आहे की नाही हे मला सुद्धा थर्मामीटर लावल्याशिवाय कळत नाही, मशीनला कसं कळणार? कोकणातला शब्द वेगळा, खानदेशातला वेगळा, चंद्रपूरचा वेगळा. आधी आजीला, मावशीला, गावाकडच्या मित्रांना विचारून शब्द गोळा कर, कोड नंतर लिही. हा कोशच एवढा मोलाचा होईल की पुढचं काम दुसरं कोणीही करू शकेल.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात माझं छोटं क्लिनिक आहे, तीस वर्षं झाली. एक डेंग्यू कळवला की दुसऱ्या दिवशी माणसं येऊन रजिस्टर मागतात, पेशंट घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं नाही का?

नाही सर, बरं नाही. तुमचा त्रास खरा आहे, मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय. पण आपल्याकडे ताप आला की बहुतेक माणूस आधी तुमच्यासारख्या खासगी डॉक्टरकडेच येतो. पहिला पेशंट सरकारी स्क्रीनवर दिसेपर्यंत तुमच्याकडे कदाचित पाच येऊन गेलेले असतात.

नायजेरियाचं उदाहरण देते. जुलै २०१४ मध्ये इबोला झालेला एक प्रवासी विमानाने लागोसला उतरला आणि थेट एका खासगी हॉस्पिटलात दाखल झाला. सुरुवातीला मलेरिया समजून उपचार चालू होते. डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांना शंका आली, त्यांनी इबोलाची तपासणी करायला लावली, सरकारला कळवलं, आणि त्याला डिस्चार्ज द्या म्हणून भरपूर दबाव आला तरी सोडलं नाही. त्यानंतर पोलिओसाठी उभी केलेली टीम, त्यांचे फोन, जीपीएस, सगळं या कामाला लावलं, संपर्कातली जवळपास नऊशे माणसं शोधली आणि एकवीस दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवलं, घरी जाऊन साडेअठरा हजार भेटी दिल्या. एवढ्या मोठ्या शहरात, पण नायजेरियात साथ वीस पेशंट आणि आठ मृत्यूंवर थांबली. त्या आठात डॉ. अडाडेवोह स्वतः होत्या. पुढे याच अनुभवातून सोरमास नावाचं साथ हाताळायचं सॉफ्टवेअर तयार झालं.

तुमच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर संशयित म्हणूनच कळवा, पक्का डेंग्यू लॅबमधल्या एलायझा टेस्टनंतरच धरतात, ते ठरवायचं ओझं तुमच्यावर नाही. आणि पेशंटला आधी तुम्ही स्वतः सांगा की उद्या घराजवळ फवारणीला माणसं येतील, पाण्याची पिंपं बघतील, घाबरू नका. टीबीचं कळवणं तर २०१२ पासून बंधनकारकच आहे, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की पेशंटला पोषणाचे पैसे मिळतात, महिन्याला पाचशे होते ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झालेत. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचे ते पैसे बुडतात.

आणि हे वाचणाऱ्या आरोग्य खात्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना : क्लिनिकमध्ये पेशंट बसलेले असताना रजिस्टर मागायला जाऊ नका. दुपारी दोननंतर जा, आधी फोन करून जा.

प्रश्न : मुंबईत राहते. कोरोनात आरोग्य सेतू घेतलं, सगळी माहिती दिली. ती गेली कुठे? आणि उद्या परत असं अ‍ॅप आलं तर का घ्यावं?

आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. ब्लूटूथवरून जवळ कोण होतं ते फोन लक्षात ठेवायचा. पुढे तो संपर्क शोधायचा भाग बंद केला आणि त्यातली माहिती काढून टाकली असं सरकारने संसदेत सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा पण झाला.

पण ताई, तुमच्या शंकेला मी नावं ठेवणार नाही. मुंबईतच बघा, धारावीत एका खोलीत सात-आठ माणसं, स्मार्टफोन एकाकडे, आणि संडास बहुतेकांना सार्वजनिक. ब्लूटूथला भिंत कळत नाही, पलीकडच्या खोलीतला पण संपर्कातलाच वाटतो, आणि ज्याच्याकडे फोनच नाही तो त्याला दिसतच नाही. तिथं साथ आटोक्यात आली ती दारोदार ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन फिरलेल्या माणसांमुळे, तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतल्यामुळे, शाळा आणि हॉलमध्ये लोकांना वेगळं ठेवायची सोय केल्यामुळे.

पुढच्या वेळी अ‍ॅप आलं तर चार प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. नाव कोणाला दिसणार, माहिती कधी पुसणार, आजार सोडून दुसऱ्या कशाला वापरणार का, आणि माझ्या घरावर स्टिकर लागणार का. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. २०२० मध्ये पेशंटच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, सोसायट्यांनी पेशंटच्या घरच्यांना लिफ्ट बंद केली, भाडेकरूंना खोल्या सोडायला सांगितल्या. एकदा असं झालं की पुढच्या साथीत लोक खोकला लपवतात, आणि माझ्यासारखीला यादीत परत कोरा रकाना मिळतो.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर सारखं येतं, अमुक भागात भयंकर व्हायरस, बाहेर पडू नका. पुढे पाठवावं का?

तारीख नाही, गावाचं नाव नीट नाही, तर नको. आणि खरंच तुमच्या आळीत तीन-चार घरी एकच त्रास असेल तर तो ग्रुपवर न टाकता आशाताईंना फोन करा. नंबर नसेल तर आजच घेऊन ठेवा.

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग आहे. मागच्या वर्षी बागेत माकड मरून पडलेलं होतं, आम्ही ते ओढून खड्ड्यात पुरलं. नंतर कळलं की कळवायला हवं होतं. कोणाला आणि कसं?

काका, बरं झालं विचारलंत, काजूचा हंगाम तोंडावर आलाय.

माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा आजार. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याकडे पहिल्यांदा सापडला, २०१५ ला गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात पेशंट निघाले आणि २०१६ ला तुमच्या दोडामार्गात. जंगलातली गोचीड चावून होतो. माकडं या आजाराने मरतात आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचीड्या उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात, नेमक्या त्याच पाचोळ्यात वाकून तुम्ही काजू गोळा करता. म्हणून मेलेलं माकड ही माणसात साथ यायच्या आधीची घंटा आहे, यापेक्षा लवकरची सूचना कुठलंही कॉम्प्युटर देणार नाही. ती घंटा तुम्ही खड्ड्यात पुरलीत, पण माहीत नव्हतं, मनाला लावून घेऊ नका.

या वर्षी दिसलं तर हात लावायचा नाही, काठीने पण ओढायचं नाही, कुत्र्यांना लांब ठेवा. लांबूनच फोटो काढा. आणि इथं एक गोष्ट नीट ऐका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते, समोरच्याला फक्त माकड दिसतं, बाग कुठली ते कळत नाही. म्हणून तिथंच उभं राहून लोकेशन वेगळं पाठवा. रेंज नसेल तर ओहोळापासून किती अंतर, कोणाची बाग, रस्ता कुठून, हे कागदावर लिहून आणा. वनरक्षक, गुरांचे डॉक्टर आणि आरोग्य केंद्र, तिघांपैकी जो पहिला फोन उचलेल त्याला, आणि त्याला सांगा की बाकी दोघांना कळवा. ते नमुना घेतील, माकडाची विल्हेवाट लावतील, आजूबाजूला औषध मारतील. तुम्ही तोपर्यंत त्या भागात गड्यांना पाठवू नका, आणि बाकी बागेत जाताना गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं डेपा तेल आरोग्य केंद्रातून मागून घ्या, पूर्ण बाह्या घाला, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करा.

आणि त्यानंतर आठवड्याभरात घरात कोणाला एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर मेडिकलमधून गोळी घेऊन दिवस काढू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही बागेत जातो आणि तिथं माकड मेलं होतं. ताप कुठल्या तारखेला आला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, रक्ताची कुठली तपासणी करायची ते तापाचा कितवा दिवस आहे त्यावर ठरतं.